पायाखालची फळी

मैत्रिणींनो, पाय ठेवताच किंचित दबते अशी एखादी फळी तुमच्या घरात आहे का? असेल, तर माझी फजिती आधी ऐका.

आमचा वाडा जुना. माडीला सागवानी तक्तपोशी. मोरीलगतची फळी मऊ लागू लागली, तेव्हा मी काय करावं? फुलाफुलांचं लिनोलियम आणून वर अंथरलं! दोन वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्यांनी कौतुक केलं. गेल्या श्रावणात शाळेतून आले, तर सासूबाई पलंगाच्या कडेला बसलेल्या. "अगं, माझा पाय आत गेला," एवढंच म्हणाल्या. घोटा खरचटण्यावर निभावलं. लिनोलियम उचललं, तर खाली लाकूड कसलं, ओला भुसाच!

लाकूड सतत ओलं राहिलं की त्याला बुरशी लागते आणि ते कुजतं. वरून पांघरूण घातलं की ओल आतच कोंडते. म्हणजे फळी मीच कुजवली म्हणा ना!

सुतारमामा आले नि म्हणाले, "वहिनी, फळीचं नंतर. आधी पाणी कुठून येतंय ते बघू." मोरीच्या कडेचं सिमेंट फुटलं होतं. ते आधी दुरुस्त केलं.

मग दाभण टोचून पाहिलं. चांगल्या लाकडात ते शिरत नाही, कुजक्यात सहज जातं. जिथवर शिरलं तिथवर मी खडूने खूण केली. त्याच्याही पुढे हातभर फळी काढायची, कारण बुरशी दिसते त्यापेक्षा लांब पसरलेली असते. फळी कडीच्या मध्यावर कापावी, म्हणजे जुनी-नवी दोन्ही टोकं कडीवर टेकतात. आमच्या एका कडीचं टोकही गेलं होतं. खालून टेकू देऊन, कुजका भाग काढून, बाजूला नवी कडी बोल्टने जोडली. हे काम मात्र जाणत्या सुताराचंच, आणि तोवर खालच्या खोलीत कुणी वावरू नये.

नवं लाकूड घालण्याआधी उरलेलं पुरतं वाळू द्या. आम्ही दिवाळीपर्यंत थांबलो. सागवान परवडत नसेल, तर आय.एस. ७१० असा शिक्का पाहून मरीन प्लाय घ्या. बसवण्याआधी खालची बाजू आणि कापलेल्या कडा रंगवायला विसरू नका; पाणी तिथूनच पितं लाकूड. खिळ्यांऐवजी पितळी स्क्रू लावले, तर पुढे फळी उचलून बघता येते.

लिनोलियमचे तुकडे आता फडताळात डब्यांखाली आहेत. सासूबाई मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. पण त्या कोपऱ्यात जाताना अजून आधी काठी टेकवून बघतात. ते पाहिलं की माझ्या जिवाला चुटपुट लागते.

तेव्हा दबणारी फळी झाकू नका. आजच दाभण घ्या आणि टोचून बघा.