सादरीकरण की सजावट?

कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी संगणकाचा प्रोग्रॅम लिहावा, ही कल्पना कित्येकांना अजून थट्टेची वाटते. पण यंदा कौशल्य-अभ्यासक्रमात आम्हा चौघांच्या गटाने तो लिहिला. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरे असतात, चौथ्यात चार. ही अक्षरे संगणकाने मोजायची, एवढेच काम.

वाटते तितके ते सोपे नाही. ‘विद्यार्थी’ या शब्दात आपण तीन अक्षरे मोजतो; संगणक दहा मोजतो. युनिकोडमध्ये व्यंजन, काना, वेलांटी, इतकेच काय, व्यंजनाचा पाय मोडणारे हलन्त चिन्हही वेगळे धरलेले असते. म्हणून आम्ही स्वर-व्यंजनांची यादी केली, तेवढीच मोजली आणि जितकी हलन्त चिन्हे तितकी वजा केली. व, द, य, र, थ ही पाच, हलन्त दोन, उरली तीन. हिशेब जुळला.

सादरीकरणाच्या आदल्या रात्री माझ्या ध्यानात आले की, ‘दुसऱ्या’ या शब्दाची अक्षरे प्रोग्रॅम दोनच सांगतो आहे. यादी आम्ही हिंदी वर्णमालेवरून उतरवली होती. ‘ळ’ आठवणीने घातला, ‘ऱ’ राहिला. दुरुस्ती दोन मिनिटांची होती, पण तक्ते आधीच तयार झाले होते. ज्या चरणांवर आम्ही ‘अनियमित’ असा शिक्का मारला होता, त्यांतले काही चरण निर्दोष होते. दोष आमच्या यादीचा, आणि आळ संतांवर!

गटाचे ठरले, ‘विचारले तर सांगू.’ आमची सारी तयारी रंग, चित्रे आणि कोणी किती मिनिटे बोलायचे यांतच गेली होती. ज्यांचे इंग्रजी सफाईदार, त्यांच्याकडे मुख्य भाग. यादी लिहिणाऱ्या माझ्याकडे आभार. घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. ज्यांना छान बोलता येते त्यांना कळतही अधिक असणार, या समजुतीने मी गप्प राहिले. कोणी काही विचारले नाही. टाळ्या पडल्या, गुणही बरे मिळाले.

हा प्रश्न आमच्या चौघांपुरता नाही. २००३ साली ‘कोलंबिया’ अवकाशयानाच्या उड्डाणात फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला. यान अंतराळात असतानाच अभियंत्यांनी नासापुढे सादरीकरण केले. एका पानाचा मथळा दिलासा देणारा होता. आदळलेला तुकडा चाचणीतल्या तुकड्याच्या ६४० पट मोठा असू शकतो, हे मात्र त्याच पानाच्या तळाशी दडले होते. १ फेब्रुवारीला कल्पना चावलांसह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. अपघात त्या पानामुळे झाला असे कोणी म्हणणार नाही. पण चौकशी मंडळाने आपल्या अहवालात अशा सादरीकरणावर टीका केली, हे विसरता येत नाही.

म्हणून मला असे वाटते की, प्रत्येक गटाने ‘आमचे काय चुकले, काय राहिले’ हे शेवटी स्वतःहून सांगावे, आणि त्याला गुण असावेत. ज्याने काम केले त्याने बोलावे, त्याला येईल त्या भाषेत. आणि प्राध्यापकांनी एकाच्या भागावरचा प्रश्न दुसऱ्याला विचारावा. मग पाठ केलेली वाक्ये उपयोगी पडणार नाहीत. एकमेकांचे काम समजून घ्यावेच लागेल.

हा लेख मी आधी माझ्या तिन्ही सहकाऱ्यांना वाचून दाखवला. थोडा वाद झाला. मग चौघांनी बसून तक्ते नव्याने केले आणि विभागात नेऊन दिले. गुण कमी होतील की नाही, हे सर ठरवतील. अभंगांवरचा आळ तरी दूर झाला.