पाळी सुटल्यावर सुनावणी घ्या

सप्टेंबर २०२०. संसदेच्या एकाच अधिवेशनात तीन कृषी कायदे आणि तीन कामगार संहिता मंजूर झाल्या. शेतकरी वर्षभर दिल्लीच्या वेशीवर ठाण मांडून बसले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये पंतप्रधानांना कृषी कायदे मागे घ्यावे लागले. कामगार संहिता मात्र पाच वर्षे पडून राहिल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ रोजी, २०१९ च्या वेतन संहितेसह, लागू झाल्या. राज्यसभेत त्या मंजूर होताना विरोधकांचा बहिष्कार होता. २५ कायद्यांची जागा घेणाऱ्या मजकुरावर तिथे धड वादही झाला नाही.

कामगार गप्प होते असे नाही. संघटनांनी देशव्यापी संप केले. पण शेतकऱ्यामागे त्याचे गाव उभे राहते. चाकण किंवा बुटीबोरीतल्या कंत्राटी कामगाराने संपासाठी एक खाडा केला, तर ठेकेदार दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा आणू शकतो.

संहितांत चांगलेही आहे. प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र मिळेल. ॲपवरून घरपोच सेवा देणाऱ्यांचा सामाजिक सुरक्षेत प्रथमच समावेश झाला. पण कामगार कपातीसाठी वा कारखाना बंद करण्यासाठी लागणारी सरकारी परवानगी पूर्वी १०० कामगारांपासून बंधनकारक होती, आता ३०० पासून. जुनी अट कारखान्यांची वाढ रोखते, असे उद्योजक सांगत आले. त्यांचे म्हणणे दिल्लीपर्यंत पोचले. अडीचशे जणांच्या कारखान्यातल्या कामगाराचे पोचले नाही.

जनमताचा रेटा असला की काय होते, ते तमिळनाडूत दिसले. बारा तासांच्या कामाची मुभा देणारे विधेयक तिथल्या विधानसभेने एप्रिल २०२३ मध्ये संमत केले. मित्रपक्षही विरोधात गेले आणि १ मे रोजी मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी माघार जाहीर केली.

महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांतील कामाची मर्यादा दिवसाला नऊवरून बारा तासांवर नेण्यास मंजुरी दिली. संघटनांनी निषेध केला, पण तो शहरांच्या रोजच्या बोलण्यात उतरला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवून साप्ताहिक सुट्टी मागितली होती. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध याच शहरात संप घडवला होता. त्या मुंबईचे आजचे मौन बोचते.

सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलाशी बसवणारी भारतीय श्रम परिषद २०१५ नंतर भरलेली नाही. केंद्राने ती आता बोलवावी. राज्याने या संहितांखालच्या नियमांचे मराठी मसुदे भिवंडी, इचलकरंजी, चाकण इथे जाहीर सुनावणीसाठी ठेवावेत आणि ती सुनावणी पाळी सुटल्यावर, कामगाराला दिवसाची मजुरी न बुडवता येता येईल अशा वेळी घ्यावी.