खांब अडला कुणाच्या सहीसाठी?

चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट. राज्य सरकारच्या मालकीचं एवढं मोठं वीज केंद्र महाराष्ट्रात दुसरं नाही. तिथून पूर्वेला वैनगंगा ओलांडून गडचिरोलीच्या आत आत जाऊ लागलं की विजेचे खांब विरळ होत जातात. दिव्याखालच्या अंधारावर चार ओळी लिहिण्याचा मोह इथे होतो, पण तो आवरलेला बरा. या भागात वीज मुबलक आहे, तुटवडा आहे तो सहीचा.

एटापल्ली तालुक्यातला एक टोला. पंधरा-वीस घरं, मुख्य गावापासून दोनेक किलोमीटर, त्यातला एक किलोमीटर जंगलाचा. घरोघरी वीज पोचवण्याच्या केंद्राच्या सौभाग्य योजनेत इथे सौर संच मिळाले. कवेलूंच्या छपरावर पॅनेल, घरात पाच एलईडी दिवे, एक पंखा, एक बॅटरी. योजना सप्टेंबर २०१७ मधली आणि देखभालीची हमी पाच वर्षांची. ती केव्हाच संपली. "बॅटरी बसली, भाऊ. बल्ब अजून नवेच आहेत," घरमालक सांगतो. बॅटरीच्या पेटीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद जपून ठेवलेले: आधार, रेशनकार्ड, नमुना आठचा उतारा आणि वीज जोडणीच्या अर्जाची झेरॉक्स. झेरॉक्सवर ना शिक्का, ना आवक क्रमांक. वीज कार्यालयात त्याला सांगितलं, जंगलातून लाइन न्यायची तर वनखात्याची ना-हरकत लागेल. वनखात्यात सांगितलं, प्रस्ताव वीज कार्यालयाकडून यायला हवा. दोन्ही बाबू खरंच बोलत होते. त्यातून सौर संच बसलेलं घर सौभाग्यच्या हिशेबात विद्युतीकरण झालेलं घर धरलं जातं. म्हणजे कागदोपत्री या माणसाची तक्रारच उरत नाही.

कायदा याच्या बाजूने नाही असं कुणी म्हणू नये. वीज कायदा, २००३ चं कलम ४३ सांगतं की मालकाने किंवा भोगवटादाराने अर्ज केला की एका महिन्यात वीज द्यायची. सातबारा नावावर हवा असं तिथे म्हटलेलं नाही, राहता ताबा पुरतो. २०२४ मध्ये केंद्राने ग्राहक हक्कांच्या नियमांत मुदती आणखी कमी केल्या: महानगरात ३ दिवस, नगरपालिका हद्दीत ७, ग्रामीण भागात १५, डोंगराळ ग्रामीण भागात ३०. पण या मुदती ज्याच्या दारात खांब आहे त्याच्या. नवी लाइन ओढायची असेल तर मुदत वाढते, आणि मध्ये जंगल आलं की दिवस मोजणंच थांबतं. वीज कंपनीला उशिराचा जाब विचारता येतो. ना-हरकत देणाऱ्याला तो कोण विचारणार?

याच अडचणीवरचा तोडगा कायद्यात २००६ पासून पडून आहे. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये गावासाठीच्या तेरा सुविधा मोजून दिल्या आहेत. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता, पिण्याच्या पाण्याची पाइपलाइन, लहान तलाव, आणि त्यातच विजेच्या व दूरसंचाराच्या तारा. एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस हवी, एवढ्याच अटी. फाइल दिल्लीला जात नाही. केंद्राच्या १८ मे २००९ च्या कार्यपद्धतीनुसार उपवनसंरक्षकच निर्णय घेतो. त्याला पटलं नाही तर प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे जातं.

आता हिशेब करून पाहा. अकरा केव्हीच्या लाइनसाठी जंगलात सात मीटर रुंदीचा पट्टा धरतात. टोल्याच्या वाटेवर जंगल एक किलोमीटर, म्हणजे लागणारी जमीन ०.७ हेक्टर. कलमात चपखल बसते. मग अडतं कुठे? प्रस्ताव भरायचा असतो काम करणाऱ्या खात्याने. पंधरा घरांच्या लाइनसाठी नकाशा काढा, झाडं मोजा, ग्रामसभेचा ठराव मिळवा, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याबरोबर पायी फिरा, ही कटकट अंगावर घेण्यात कनिष्ठ अभियंत्याचा फायदा काही नाही, आणि न घेतल्याने त्याचं काही बिघडतही नाही. तोवर बदलीही येते.

याच एटापल्लीत सुरजागडच्या लोहखनिजासाठी २००७ मध्ये ३४८ हेक्टरचा खाणपट्टा मंजूर झाला. खाणीचा कायदा वेगळा, वाट वेगळी, हे मान्य. पण त्या वाटेवर फाइलच्या मागे धावायला पगारी माणसं असतात. टोल्याच्या फाइलमागे धावणाऱ्याला कार्यालय गाठायचं तर दिवसाची मजुरी बुडवावी लागते. माझ्या मते खरा फरक इथे पडतो, कलमांत नाही.

वनखात्याचीही एक बाजू आहे आणि ती खोटी नाही. रानडुकराच्या शिकारीसाठी किंवा धानाच्या राखणीसाठी लाइनवर आकडा टाकून कुंपणात वीज सोडायची आणि त्यात वाघ मरायचा, हे चंद्रपूर जिल्ह्याने पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. म्हणून उघड्या तारेऐवजी वेष्टित केबल टाका, अशी अट वनखात्याने घातली तर ती रास्तच आहे. वाढीव खर्च कुणी सोसायचा ते दोन खात्यांनी बसून ठरवावं. मात्र अट घालायची तर अर्जाला उत्तर द्यावं लागतं. फाइल नुसती पडून राहिली की वाघ वाचत नाही आणि बल्बही पेटत नाही.

घर बांधणाऱ्याची गत याहून वेगळी नाही. घरकुल मंजूर होतं, पण जागा कुणाची या प्रश्नावर हप्ता अडतो. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत त्याचं उत्तर बऱ्याचदा सरकारी नोंदीतलं 'झुडपी जंगल' असं निघतं. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ च्या निकालात या जमिनी वनजमिनीच असल्याचं सांगितलं, मात्र १२ डिसेंबर १९९६ पूर्वी वाटप झालेल्या जमिनींना नियमित होण्याची वाट ठेवली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाची इमारतही अशाच जमिनीवर आहे. तिचे कागद सरकार जुळवील. ज्याच्याकडे ग्रामपंचायतीच्या कर पावतीपलीकडे काही नाही, त्याने १९९६ आधीचा पुरावा कुठून काढायचा? जमिनी नियमित करण्याचा प्रस्ताव करताना राज्य सरकारने इमारतींआधी वस्त्यांची यादी करावी.

आणखी एक पेच. वन संवर्धन कायद्यात २०२३ मध्ये सुधारणा झाली तेव्हा नक्षलग्रस्त भागात सार्वजनिक सोयींसाठी ५ हेक्टरपर्यंत सूट ठेवली गेली. केंद्राच्या २०२१ च्या नक्षलग्रस्त जिल्ह्यांच्या यादीत गडचिरोली आणि गोंदिया होते, चंद्रपूर नव्हतं. जंगल तेच, माणसं तीच, पण सवलत जिल्ह्याच्या हद्दीवर थांबणार. उद्या नक्षलवाद संपला, आणि तो संपावाच, तर ही सूट गडचिरोलीतूनही जाईल. गावाला पाणी आणि वीज मिळण्याचा संबंध बंदुकीशी कशाला जोडायचा? शेजारी जिवती तालुक्यातल्या तेलंगण सीमेवरच्या चौदा गावांत याच्या नेमकं उलट चित्र आहे. तिथे दोन राज्यांचा दावा, म्हणून शाळाही दोन आणि रेशनकार्डंही दोन! हद्द दाखवायची असली की सरकारला सोयी पोचवता येतात.

मागणी एकच. कलम ३(२) खालच्या प्रस्तावाला तारखेची मुदत लावा. मुदतीत कारणासह नकार आला नाही तर होकार धरा. जिल्हाधिकाऱ्यांनी महिन्यातून एकदा वीज, पाणी आणि वन या तीन खात्यांना एका टेबलाशी बसवून प्रलंबित यादी जाहीर वाचावी.

तोवर गावांनी थांबू नये. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) ग्रामसभेने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ मध्ये बांबूचा वाहतूक परवाना स्वतःच्या हातात घेतला, तोही याच कायद्याच्या बळावर. येत्या ग्रामसभेत खांबाचा आणि पाइपलाइनचा ठराव घ्या. त्यात कलम ३(२) असं स्पष्ट लिहा. एक प्रत वीज कार्यालयात, एक उपवनसंरक्षकांकडे द्या आणि दोन्हीकडून तारखेची पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.