पंचतारांकित ढेकूण
हॉटेलच्या खोलीत शिरल्याशिरल्या आपण एसी चालतो का ते बघतो. गादीची शिवण कोण बघतो? बॅग आधी न्हाणीघराच्या फरशीवर ठेवावी, मोबाइलचा टॉर्च लावून चादर उचलावी आणि शिवणीत, उशाकडच्या फळीमागे शाईच्या ठिपक्यांसारखे काळे डाग दिसतात का ते पाहावं. दिसले तर खोली बदलून मागा, शेजारची मात्र नको. ढेकूण भिंतीच्या फटीतून पलीकडे जातो. भाडं जास्त म्हणून निर्धास्त राहू नये. २०२३ मध्ये पॅरिसची सुद्धा याने झोप उडवली होती! रक्त मिळालं नाही तरी हा प्राणी महिनोन्महिने तग धरतो. म्हणून घरी परतल्यावर कपडे थेट कडक गरम पाण्यात, आणि रिकामी बॅग पलंगाखाली मुळीच सरकवायची नाही.