पहाटेची मजुरी कोणाच्या खात्यावर?



शहरातला पाहुणा व्याख्यानाला येतो आणि सांगतो, पहाटे उठा, गोठा सांभाळा, शेणखत घाला, शाश्वत शेती करा. पहाटे उठायला आम्हाला कोणी शिकवायला नको! दोन एकरवाल्याच्या घरी दिवस उगवायच्या आत शेणघाण निघते, धारा होतात, डेअरीची गाडी गाठायची असते. सवाल त्या तासांच्या हिशोबाचा आहे.

युरियाच्या 45 किलोच्या गोणीत 46 टक्के, म्हणजे जवळपास 21 किलो नत्र. शेणखतात साधारण अर्धा टक्का. तेवढ्या नत्राला चार टनांच्या वर खत लागते. 20 किलोच्या घमेल्याने 200 हून जास्त खेपा, बहुतेक घरच्या बाईच्या डोक्यावरून, फुकट. गोणी मिळते 266 रुपये 50 पैशांना, कारण उरलेला खर्च सरकार कारखान्याला अनुदान म्हणून देते. घमेल्याला दमडी नाही. (शेणखताने सेंद्रिय कर्ब वाढतो, ओल टिकते, हे मी कॉलेजात शिकलो आणि शेतात पाहिले. वाद त्याबद्दल नाही.)

मग शेतकऱ्याने गोणी उचलली की तो जमिनीचा वैरी? दुधाला केंद्राची आधारभूत किंमत नाही, भाजीपाल्याला नाही. पहाटेचे कष्ट नेमके तिथेच जातात.

आमची मागणी: गोणीतल्या किलोभर नत्रामागे जितके अनुदान, तितकेच शेणखतातल्या किलोभर नत्रामागे, आणि ते उकिरडा भरणाऱ्या बाईच्या खात्यावर. जिल्हा बैठकीत हा ठराव मांडू. येताना मागच्या वर्षी शेतात किती गाड्या खत पडले आणि ते कोणी वाहिले, ते लिहून आणावे.