30 पैकी 28

शिरूर-दौंडकडच्या कुठल्याही शाळेचं स्नेहसंमेलन असो, प्रमुख पाहुणे हमखास गळा काढतात : मुलं हल्ली विज्ञानाकडे वळत नाहीत! साहेब, अकरावीच्या याद्या तरी बघा. राज्यात बारावीला बसणारी जवळपास निम्मी पोरं सायन्सची असतात. ओसाडी आहे ती पुढे, बीएस्सीला. मी फिजिक्स शिकवत होतो तेव्हा शेवटी शेवटी अख्खा वर्ग दोन बाकांवर मावायचा, आणि त्यातलेही काही जण पोलीस भरती होईपर्यंत टेकलेले.

मधली गर्दी गेली कुठे? ती विज्ञान शिकायला आलीच नव्हती. पोराचं नाव गावाजवळच्या कॉलेजात, पोरगं पुण्याला नाहीतर लातूरला नीट-जेईईच्या क्लासमध्ये. कॉलेजचा पट भरला, क्लासचा गल्ला भरला, बापाने त्यासाठी उसाचा पहिला हप्ता तिकडे वळवला. हे साटंलोटं मोडायला सरकारने 2018 मध्ये पुणे विभागासह काही ठिकाणी अकरावी-बारावी सायन्सला बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली. बोट टेकवायचं यंत्र भिंतीवर आलं. बोटं लातूरलाच राहिली.

आणि प्रॅक्टिकल? लेखीला 70, प्रात्यक्षिकाला 30. पोरगं परीक्षेच्या तोंडावर उगवतं, कुणाची तरी जर्नल उतरवतं, ब्युरेट कुठली नि पिपेट कुठली हे न कळता 28 खिशात घालून जातं. बाहेरचा परीक्षक काही बोलत नाही. बोलेल कसा, त्याच्याही कॉलेजात हाच बाजार आहे. प्रयोगशाळेतल्या बाटल्यांची लेबलं पिवळी पडली तरी आतलं रसायन संपत नाही.

यावर 2024 मध्ये राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्यातून काय औषध निघालं? दहावीला गणित-विज्ञानात 20 मिळाले तरी अकरावीत जा, फक्त पुढे हे विषय घेऊ नका. शिक्षक नेमायचे नाहीत, मास्तर तासिकेवर राबवायचे, आणि पोरांना दार दाखवायचं. वा!

आता याची किंमत बघा. दौंड तालुक्यातल्या कुरकुंभला रासायनिक वसाहत आहे. आसपासच्या विहिरींच्या पाण्याबद्दल लोक वर्षानुवर्षं ओरडताहेत. पण पाण्याचा अहवाल हातात आला की गाव एकमेकांच्या तोंडाकडे बघतं. शेजारी केमिस्ट्री घेऊन बारावी झालेली डझनभर पोरं असतात. त्यातला सीओडी, म्हणजे पाण्यातल्या प्रदूषणाचं एक माप, काय सांगतो, हे एकालाही सांगता येत नाही. त्याच वसाहतीतल्या एका कारखान्यात फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांना शेकडो किलो मेफेड्रोन हे अमली द्रव्य सापडलं. म्हणजे तालुक्यात रसायनशास्त्राची जाण अगदीच संपलेली नाही म्हणायची! शेतातली गोष्ट निराळी नाही. उसाला कुठलं खत किती, हे माती तपासून ठरत नाही, कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यावर ठरतं.

आणि हे सगळं कुठे, तर ज्या शिरूर-दौंडच्या पट्ट्यात पाबळ आहे तिथे. डॉ. श्रीनाथ कालबाग हे हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली नोकरी सोडून 1983 मध्ये त्या दुष्काळी गावात आले आणि विज्ञान आश्रम काढला. शाळेने नापास ठरवलेली पोरं तिथे वेल्डिंग करत, माती तपासत, विजेचा रोध मोजून जमिनीतलं पाणी शोधत. 2002 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या साथीने तिथे फॅब लॅब, म्हणजे डिजिटल यंत्रांची कार्यशाळा, उभी राहिली, त्या देशाबाहेरच्या अगदी पहिल्यांपैकी एक. एमआयटीला पाबळ सापडलं. शिरूरच्या बापाला सापडत नाही, कारण तिथे नीटची टेस्ट सिरीज नाही.

पोरांना नावं ठेवू नका. ती आपल्यापेक्षा हिशेबात पक्की आहेत. ज्या विषयाचा मास्तर महिन्याच्या पगारासाठी ताटकळतो, त्यात आयुष्य घालायला ती मूर्ख नाहीत.

तुमचं पोर सायन्सला असेल तर या आठवड्यात कॉलेजात जा. प्राचार्यांकडे प्रॅक्टिकलचं वेळापत्रक मागा, प्रयोगशाळा तुमच्यासमोर उघडायला सांगा. किल्ली सापडत नाही म्हणाले, तर तेवढंच लेखी मागून घ्या.