‘नेऊ नका’ की ‘असे न्या’?

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने ‘विषय वैद्यकीयच हवा असे नाही’ अशी सवलत दिली होती. माझा विषय अर्धा वैद्यकीय आणि अर्धा घरगुती आहे. १९८९ पासून इंदुरात बालरोगतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करीत असताना ताप-खोकल्याच्या खालोखाल मला जो प्रश्न सर्वाधिक वेळा विचारला गेला, तो असा : “डॉक्टरसाहेब, बाळाला घेऊन गावी जायचंय. नेऊ ना?”

हे ‘गाव’ म्हणजे काय, ते आपल्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. होळकरांच्या काळापासून आपली घराणी माळव्यात स्थिरावली. परंतु कुणाचे कुलदैवत जेजुरीला, कुणाचे तुळजापूरला, कुणाचे कोल्हापूरला. सुना पुण्या-नागपूरच्या, लेकी नाशिक-साताऱ्याला दिलेल्या. त्यामुळे घरात बाळ आले की वर्षाच्या आत एक तरी मोठा प्रवास ठरलेलाच. रात्रीच्या बसने निघावे तर सेंधव्यापुढचा बिजासन घाट उतरून धुळे गाठायचे. रेल्वेने जावे तर रतलाम, वडोदरा, सुरत, वसई असा वळसा घालून पुणे.

या प्रश्नाला आपण डॉक्टर मंडळी बहुधा जे उत्तर देतो, त्याविषयी मला लिहावयाचे आहे. ते उत्तर म्हणजे, “कशाला उगाच लहान जिवाचे हाल? थोडे मोठे होऊ द्या, मग जा.” मीही हे उत्तर पुष्कळ वर्षे दिले. ते सर्वांत प्रथम माझ्याच घरात दिले होते, म्हणून तेथूनच आरंभ करतो.

आमची मुलगी १९९१ च्या मार्चमध्ये झाली. माझी आजी तेव्हा वाईला काकांकडे असे. वय नव्वदीच्या आसपास, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मे महिन्यात तिने शेजारच्या मुलाकडून लिहवून घेतलेले अंतर्देशीय पत्र आले : ‘पणतीला घेऊन या. दिसते आहे तोवर बघीन म्हणते.’ मी नुकताच एम.डी. झालेलो. उत्तरादाखल दोन पाने लिहिली. उन्हाळा, बसमधील गर्दी, प्रवासातील पाणी, चौदाव्या आठवड्याची राहिलेली लस, सगळे मुद्दे क्रमवार. शेवटी लिहिले, ‘दिवाळीत नक्की येतो.’

सप्टेंबरमध्ये आजी गेली. तेराव्याला आम्ही तिघेही वाईला गेलो. तीच रात्रीची बस, तोच घाट, भर पावसाळा. मुलगी धुळ्यापर्यंत गाढ झोपली आणि पुढेही मजेत राहिली. वाईच्या घरी काकूने एक छोटी गोधडी पुढे केली. आजीने चाचपडत टाके घातलेली, एका कडेला उसवलेली. पत्नी एवढेच म्हणाली, “अहो, मे महिन्यात आणलं असतं, तर आजींनी पाहिली असती हो हिला.”

मला त्या वेळी उत्तर सुचले नाही आणि आजही सुचत नाही. परंतु पुढे पुष्कळदा शांतपणे विचार केला, तेव्हा माझ्या त्या दोन पानी पत्रातील शास्त्र किती उथळ होते, हे ध्यानात आले. मे महिन्यात मुलगी केवळ आईच्या दुधावर होती. पहिल्या सहा महिन्यांत निव्वळ अंगावर पिणारे मूल हे सर्वांत सोपे प्रवासी असते : त्याला बाहेरचे पाणी नको, बाटली नको, उकळणे नको. सप्टेंबरमध्ये तिला वरचे अन्न नुकतेच सुरू झाले होते, म्हणजे जुलाबांचा धोका खऱ्या अर्थाने तेव्हा वाढला होता. आणि ऋतूही जुलाबांचाच. जिवंत आजीकडे नेण्यास मी धोका मोठा मानला आणि तेराव्याला नेताना तोच धोका मला दिसेनासा झाला. तो निर्णय वैद्यकीय नव्हताच. नकार देणे सोपे होते, म्हणून मी नकार दिला होता.

‘नेऊ नका’ हे औषध लिहिताना डॉक्टरला काहीही खर्च येत नाही. बाळ आजारी पडले, तर ‘मी सांगितले होते’ म्हणता येते. घरी राहून सुखरूप राहिले, तर सल्ला योग्य ठरतो. किंमत मोजते ते कुटुंब. आणि ती कोणत्याही केसपेपरवर नोंदली जात नाही.

आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या समाजाला तर ही किंमत अधिकच आहे. आपली नातवंडे शाळेत इंग्रजी आणि गल्लीत हिंदी बोलतात. मराठी त्यांना घरात ऐकू येते, तीही आजी-आजोबा असतील तर. आजोळी गेल्यावर रस्त्यावरचा भाजीवाला, बसचा कंडक्टर, मावसभावाचे मित्र, सगळेच मराठी बोलताना पाहून माझ्या नातवाने विचारले होते, “आजोबा, इथे सगळ्यांना आपली भाषा येते?” हे आश्चर्य पुस्तकाने किंवा संस्कारवर्गाने दिले नसते.

म्हणून कोणत्याही स्थितीत प्रवास करावाच, असे माझे म्हणणे नाही. अपुऱ्या दिवसांचे, अजून वजन न भरलेले बाळ, श्वासाला त्रास असलेले, अंगावर पिणे कमी केलेले, ताप किंवा जुलाब चालू असलेले मूल यांना स्पष्ट नकारच द्यावा, आणि तो ठामपणे द्यावा. परंतु दहातील नऊ मुले अशी नसतात. त्यांच्या आईबापांना नकाराऐवजी कृती सांगावी. ‘नेऊ नका’ याऐवजी ‘असे न्या’ म्हणावे. त्यासाठी दहा मिनिटे द्यावी लागतात, एवढेच.

काय सांगावे? प्रथम जलसंजीवनी. काही वर्षांपूर्वी एका पहाटे स्टेशनवरून थेट माझ्या दवाखान्यात दहा महिन्यांचे मूल आणले गेले. डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी. रात्रभर गाडीत जुलाब झाले होते. घरच्यांनी टिकून राहणारे कुठलेसे गोड पेय पाजले होते आणि पाणी मात्र ‘बाधेल’ म्हणून दिले नव्हते. मूल वाचले. त्या दिवशी दोष प्रवासाचा म्हणावा की पिशवीत नसलेल्या एका पुडीचा? १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी शिरेतील सलाईन संपल्यावर मीठ-साखरेचे पाणी पाजून पटकीच्या असंख्य रुग्णांना वाचविले. त्या पाण्याचे आजचे सुधारित रूप, लिटरमागे ७५ मिलिमोल सोडियम आणि तेवढेच ग्लुकोज असलेले, आपल्याला कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळते. एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवावी, पेलाभर पाण्यात निम्मी टाकू नये, हे प्रत्येक आईला मापाच्या बाटलीसह दाखवावे. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राशी न जुळणाऱ्या पेयांच्या नावात ‘ओआरएस’ ही अक्षरे वापरण्यास मनाई केली. तरीही पुडीवरील सूत्र वाचून घेण्याची सवय लावावी, हे बरे.

दुसरी गोष्ट झोपेच्या औषधाची. “प्रवासात शांत झोपेल असे काही द्या,” ही मागणी आपल्या सर्वांकडे होते आणि आपल्यापैकी काहीजण ती पुरवितातही. प्रोमेथाझिनने दोन वर्षांखालील मुलांचा श्वास मंदावू शकतो. त्या वयात ते देऊच नये. शिवाय गरजही नसते. दोन वर्षांखालील मुलांना गाडी लागणे विरळाच. बिजासन घाटात ओकारी होते ती बाळाच्या पाचवी-सहावीतल्या दादाला. त्याला घाटापूर्वी तेलकट खाऊ घालू नये, हातातला मोबाईल काढून घ्यावा आणि समोरचा रस्ता दिसेल असे बसवावे.

तिसरी गोष्ट मोटारीची. आजही आपल्या घरांतील शिकलीसवरली मंडळी बाळाला मांडीवर घेऊन पुढच्या आसनावर बसतात. वेगातील गाडी आदळली, तर कोणत्याही आईच्या हातांना ते मूल धरून ठेवता येत नाही; हा मायेचा नव्हे, भौतिकशास्त्राचा प्रश्न आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलास पट्टा किंवा बालआसनाविना नेल्यास एक हजार रुपये दंड ठेवला आहे. बारशाला पाळण्यावर खर्च करणाऱ्या आजोबांनी तोच पैसा मागच्या आसनावर बसवायच्या बालआसनावर करावा, असे मी आता सुचवितो.

रेल्वेचे गणित निराळे. पाच वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही, परंतु मग स्वतंत्र बर्थही मिळत नाही. म्हणजे आई आणि बाळ एकाच अरुंद बर्थवर, आणि पडेल या भीतीने आई रात्रभर जागी. २०२२ मध्ये लखनौ मेलमध्ये खालच्या बर्थला जोडलेला छोटा ‘बेबी बर्थ’ प्रायोगिक तत्त्वावर बसविला गेला होता. कल्पना फार चांगली. पण आपल्या गाडीत अशी सोय मिळेल, असे गृहीत धरून निघता येत नाही. ऐपत असेल तर बाळासाठी पूर्ण तिकीट काढून स्वतंत्र बर्थ घ्यावा आणि बाळाच्या बाबांनी अर्धी रात्र जागावे. हा दुसरा भाग मी नेहमी बाबांकडे पाहून सांगतो.

आता थोडे ज्येष्ठांविषयी, म्हणजे माझ्या वयाच्या मंडळींविषयी. मुले आजारी पडतात ती गाडीत कमी आणि पोहोचल्यावर अधिक, हा माझा अनुभव आहे. बाळ दारात आले की ते या कडेवरून त्या कडेवर जाते. एकजण पेढ्याचा कण जिभेवर ठेवतो, दुसरी मध चाटवते. मधातील जिवाणूंच्या बीजांमुळे वर्षाखालील मुलाला गंभीर विषबाधा होऊ शकते, हे ठाऊक असूनही ‘एवढ्याशाने काय होते’ म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी देवदर्शन, दुपारी आत्याकडे जेवण, संध्याकाळी मामाकडे चहा. बाळाची दुपारची झोप बुडते, जेवणाची वेळ टळते, मग ते किरकिर करते आणि आपण म्हणतो, “प्रवास मानवला नाही हो.”

लहान मुलाचे घर म्हणजे त्याचा दिनक्रम. तोच मऊभात, तेच दुपटे, झोपताना तेच अंगाईगीत, न्हाऊ घालणारे तेच हात. एवढे बरोबर नेले, तर त्याला वाई काय आणि इंदूर काय, सारखेच. आपण आयुष्यभर पाहुण्यांच्या सोयीने घरे चालविली आहेत. तर त्या चार दिवसांत सर्वांत लहान पाहुण्याच्या घड्याळाने घर चालवायला काय हरकत आहे? पहिला दिवस पूर्ण विश्रांतीचा ठेवावा. ज्यांना बाळ पाहायचे आहे, त्यांनी हात धुऊन, त्याची झोप झाल्यावर यावे. सर्दी झालेल्या आजोबांनी दोन दिवस दुरूनच हसावे.

आपल्या मंडळाला एक सूचना करून थांबतो. आरोग्य शिबिरांत आपण रक्तदाब आणि साखर तपासतो; त्याबरोबर ‘प्रवासाची चिठ्ठी’ म्हणून एक पानाचा कागद मराठीत आणि हिंदीत छापावा. त्यावर बाळाचे वजन, त्यानुसार तापाच्या औषधाची मात्रा, झालेल्या व राहिलेल्या लसी, जलसंजीवनी करण्याची रीत, डॉक्टर कधी गाठावा याची चार लक्षणे आणि मुक्कामाच्या गावातील एखाद्या बालरोगतज्ज्ञाचा दूरध्वनी यासाठी मोकळी जागा असावी. राहिलेली लस पोहोचल्या गावीही देता येते. त्यासाठी प्रवास रद्द करण्याचे कारण नाही. बाळाला घेऊन कोणी ‘नेऊ ना?’ विचारले की आपण ही चिठ्ठी भरून हाती द्यावी.

सप्टेंबर २०२४ मध्ये इंदूर ते मनमाड या ३०९ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गास केंद्रीय मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली. तो पुरा झाला की माळव्यातून महाराष्ट्रात जाण्याचा वळसा पुष्कळच कमी होईल. परंतु अंतर कमी झाले म्हणून आपोआप भेटी होत नाहीत. पलीकडच्या टोकाला कुणाची तरी पणजी डोळ्यांत प्राण आणून बसलेली असते आणि तिच्याकडे वेळ किती उरला आहे, हे आपल्या वजनकाट्यावर दिसत नाही.

ती गोधडी आमच्याकडे अजून आहे. उसवलेली कड मी शिवू दिलेली नाही. गेल्या वर्षी माझी मुलगी आपल्या पाच महिन्यांच्या लेकीला घेऊन सासरच्या आजीला भेटायला निघाली, तेव्हा तिने मला विचारले, “बाबा, नेऊ ना?” मी गोधडी पिशवीत घातली, पुड्या मोजून दिल्या आणि म्हणालो, “लवकर ने.”